माणूस, यंत्र आणि मराठी अक्षर : एका प्राध्यापकाची वाटचाल आणि पीएच.डी.ची वाट

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील मानाचे स्थान होय. आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी येथे आहे. त्यांच्या 'विवेकसिंधु' या ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ असा मानला जातो. याच नगरीत पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत दासोपंत होऊन गेले. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. दासोपंतांची ही पासोडी अंबाजोगाईचे भूषण म्हणून आजही जतन करून ठेवलेली आहे.

अंगावर पांघरावयाच्या वस्त्रावर ग्रंथ लिहिणारा हा पुरुष आपणांस एका जुन्या प्रश्नाची आठवण करून देतो. अक्षर कोणत्या साधनावर उमटावयाचे, आणि ते साधन माणसाच्या हाताला, डोळ्याला व बुद्धीला कितपत मानवते, हा तो प्रश्न. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून दफ्तरात मोडी लिपी रूढ झाली. पुढे टंकयंत्र आले, त्यानंतर संगणक आला आणि आज भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचला आहे. साधने बदलली, तरी हा प्रश्न कायम राहिला. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणारे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या काही दशकांत उदयास आले आहे. त्यास मानव-संगणक आंतरक्रियेचे शास्त्र असे म्हणतात. या शास्त्राची ओळख, त्यात कार्य करणाऱ्या महाराष्ट्रातील एका प्राध्यापकांची वाटचाल आणि या विषयात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी असलेल्या प्रवेशाच्या अटी, या तीन गोष्टी विशद करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोष कोणाचा?

जिल्ह्यातील कोणत्याही सेवा केंद्रात घटकाभर बसले, तर एक दृश्य हमखास दिसते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एखादी वृद्ध स्त्री आलेली असते. केंद्रचालक अर्ज भरतो. एका रकान्यात काही चुकते, यंत्र अर्ज नाकारते आणि नाकारण्याचे कारण इंग्रजीत दाखविते. चालकालाही त्याचा नीट बोध होत नाही. "आजी, उद्या या," असे सांगून तो पुढच्या माणसाकडे वळतो. त्या स्त्रीचा एका दिवसाचा रोज बुडतो आणि येण्याजाण्याचा खर्च अंगावर पडतो. यंत्र आपल्यासारख्यांसाठी नाही, असा समज घेऊन ती घरी जाते.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याच्या अधिकच जिव्हाळ्याचे आहे. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. कोयता चालवून आणि मोळ्या वाहून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, अशा माणसांचे ठसे शिधावाटपाच्या यंत्राला पुष्कळदा ओळखता येत नाहीत. माणूस खरा असतो, शिधापत्रिकाही खरी असते. तरीही यंत्र नाही म्हणते.

अशा वेळी 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून मोकळे होण्याची आपणांस सवय आहे. हे शास्त्र नेमका त्याच्या उलट विचार करते. अनेक माणसे एकाच ठिकाणी वारंवार चुकत असतील, तर दोष माणसांत नसून रचनेत आहे, हे त्याचे पहिले सूत्र होय.

या सूत्राचा उगम दुसऱ्या महायुद्धात सापडतो. अमेरिकेच्या 'बी-१७' या बाँबफेकी विमानांचे वैमानिक विमान उतरविल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चुकून चाकेच आत ओढून घेत असत. वैमानिक उत्तम प्रशिक्षित होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स शॅपॅनिस यांनी तपास केला, तेव्हा या दोन्ही क्रियांच्या कळी एकसारख्या दिसणाऱ्या व शेजारीशेजारी बसविलेल्या असल्याचे आढळून आले. त्यांनी चाकाच्या कळीला चाकाच्या आकाराची आणि झडपांच्या कळीला झडपेच्या आकाराची मूठ बसविण्याचा उपाय सुचविला. वैमानिकाला न पाहता, केवळ स्पर्शाने ओळख पटू लागली. माणसाला दोष देण्याचे सोडून साधनात बदल केला, तेव्हा हा प्रश्न सुटला.

शास्त्राचा विकास

१९५४ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत बोट नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो, असे त्याने प्रयोगांनी दाखविले. लक्ष्य दूर व लहान असेल तर वेळ अधिक लागतो, जवळ व मोठे असेल तर कमी लागतो. भ्रमणध्वनीवरील कळ किती मोठी असावी आणि ती कोठे असावी, हे ठरविताना आजही या नियमाचा आधार घेतला जातो.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस व पडद्यावरील मजकूर-संपादन यांचे प्रात्यक्षिक जाहीरपणे करून दाखविले. पुढे १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात चित्रे, खिडक्या व याद्या यांच्या साहाय्याने चालणारा संगणक आकारास आला. १९८३ साली कार्ड, मोरान व न्यूवेल या तिघांनी मानव-संगणक आंतरक्रियेच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या विषयाला शास्त्राचे अधिष्ठान लाभले.

हे शास्त्र केवळ संगणकतज्ज्ञांचे नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. माणसाचे लक्ष, स्मरण व आकलन यांसाठी मानसशास्त्र लागते. लोक प्रत्यक्षात कसे वागतात हे समजून घेण्यासाठी समाजशास्त्र व मानवशास्त्र लागते. शब्द व लिपी यांसाठी भाषाशास्त्र, रूप व मांडणी यांसाठी अभिकल्प, तर प्रत्यक्ष घडणीसाठी संगणकशास्त्र लागते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून हा प्रांत अभियंत्यांचाच असावा, असा त्याचाही दीर्घकाळ समज होता. विषयाचा परिचय वाढला तसा तो दूर झाला.

मराठी लिपी संगणकावर

आपल्याकडे या शास्त्रापुढील पहिले मोठे काम लिपीचे होते. इंग्रजीची अक्षरे सव्वीस आणि ती एकापुढे एक बसतात. देवनागरीत व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार लागतात, जोडाक्षरे होतात आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येऊनही लिहिताना आधी येते. टंकयंत्रावर कळा मोजक्या असल्याने अक्षरांचे अर्धे-मुर्धे तुकडे करून ते कळांवर वाटावे लागले. कार्यालयांतील टंकलेखकांनी ती कळरचना परिश्रमाने हस्तगत केली. परंतु सामान्य माणसाला ती दुर्बोधच राहिली.

१९८० च्या दशकात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांसाठी 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाणित केला. त्यात डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, तर उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजने आहेत. सर्व भारतीय लिपींत एकाच वर्णाची जागा एकच असल्याने मराठी टंकलेखन शिकलेला माणूस अन्य भारतीय लिपीही त्याच बोटांनी लिहू शकतो. १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. तोवर एका संगणकावरील मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला असता निरर्थक चिन्हे उमटत असत. ती अडचण युनिकोडमुळे पुढे दूर होत गेली.

पडद्यावर दिसणाऱ्या अक्षराचे रूप घडविणाऱ्यांत कोल्हापूरचे प्रा. र. कृ. जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९३६ साली जन्मलेले हे सुलेखनकार मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजेच पवईच्या आय.आय.टी.तील आय.डी.सी. येथे, अध्यापन करीत होते. विंडोज प्रणालीतील 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या कामातून साकार झाला. शासकीय कार्यालयांतील असंख्य पत्रे आजवर याच टंकात निघाली आहेत. त्यामागील कलावंत मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. २००८ साली त्यांचे निधन झाले.

एका प्राध्यापकांची वाटचाल

१९६९ साली स्थापन झालेल्या याच केंद्रातील प्रा. अनिरुद्ध जोशी हे भारतातील मानव-संगणक आंतरक्रियेच्या अभ्यासकांतील एक प्रमुख नाव होय. त्यांची शैक्षणिक वाटचाल उद्बोधक आहे. १९८९ साली त्यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९९२ साली तेथेच दृक्संवाद-अभिकल्पाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, २०११ साली, त्यांनी त्याच संस्थेतून संगणकशास्त्र व अभियांत्रिकी या विषयात पीएच.डी. संपादन केली. एकाच माणसाच्या तीन पदव्या तीन वेगळ्या विद्याशाखांतील आहेत. आपल्याकडे 'शाखा बदलली' ही गोष्ट उणेपणाची मानली जाते. या शास्त्रात मात्र तीच उपकारक ठरली.

त्यांच्या पीएच.डी.चा विषयही कामाच्या अनुभवातून स्फुरलेला दिसतो. संगणक-प्रणाली घडविणारे अभियंते आपल्या ठराविक टप्प्यांनी काम करतात आणि वापरणाऱ्याचा विचार करणारे तज्ज्ञ बहुधा शेवटी, घर बांधून झाल्यावर रंग देण्यापुरते, बोलाविले जातात. हे तज्ज्ञ आरंभापासून कामात सामील व्हावेत यासाठी कोणती कार्यपद्धती असावी, आणि प्रणाली वापरण्यास सुलभ करण्याचे उद्दिष्ट कितपत साध्य झाले हे मोजावयाचे कसे, याचा विचार त्यांनी केला. शासनाची एखादी प्रणाली घडविण्याचे काम सोपविणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. निविदेत यंत्राची क्षमता तपशीलवार नमूद असते. त्याच निविदेत 'नवशिक्या अर्जदाराला हा अर्ज अमुक वेळात, कोणाच्याही मदतीशिवाय भरता आला पाहिजे' अशी अट क्वचितच आढळते.

मराठी लेखनाच्या दृष्टीने त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्य मोलाचे आहे. २००४ साली त्यांनी 'कीलेख' हा कळफलक मांडला. त्यातील कळांची रचना वर्णमालेच्या क्रमानुसार होती. शाळेच्या पहिल्या इयत्तेत शिकलेली क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग ही मांडणी लिहितावाचता येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या मनात पक्की असते. मग यंत्रावर अक्षर शोधताना तिचाच आधार का घेऊ नये, हा त्यामागील विचार. पुढे स्पर्शपटलाचे भ्रमणध्वनी आले, तेव्हा याच विचारातून 'स्वरचक्र' हा कळफलक निर्माण झाला आणि २०१३ च्या सुमारास तो लोकांना विनामूल्य उपलब्ध झाला.

स्वरचक्राची युक्ती सोपी आहे. पटलावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. 'क' या अक्षरावर बोट ठेवले की त्याभोवती एक चक्र उमटते आणि त्यावर का, कि, की, कु, कू, के, को अशी रूपे दिसतात. बोट हव्या त्या रूपाकडे सरकवून उचलले की अक्षर उमटते. जोडाक्षर हवे असल्यास 'क्' हे पाय मोडलेले रूप निवडावयाचे. तसे करताच इतर कळांवर 'क्' जोडून होणारी जोडाक्षरे आधीच दिसू लागतात. काय उमटेल याचा अंदाज बांधावा लागत नाही. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला वेगळे काही शिकावे लागत नाही, हे या रचनेचे मर्म होय. हीच रचना पुढे अन्य अनेक भारतीय भाषांसाठीही करण्यात आली.

लिपीच ज्यांना येत नाही, अशांचाही विचार या संशोधनात झाला. अल्पसाक्षर माणसांना नावे वाचता येत नसली, तरी रंग व चिन्हे यांवरून दूरध्वनी क्रमांक शोधता यावेत, यासाठी 'रांगोळी' नावाची चित्रमय नोंदवही त्यांनी व सहकाऱ्यांनी २००८ साली मांडली. एच.आय.व्ही.बाधित रुग्णांना औषधोपचारात साहाय्य करणारी, दूरध्वनीवरून बोलणारी व ऐकविणारी 'तमा' ही प्रणाली त्यांच्या गटाने पाच चिकित्सालयांतील रुग्णांसह बारा आठवडे प्रत्यक्ष वापरून पाहिली आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. आजाराविषयी गुप्तता राखणे येथे औषधाइतकेच महत्त्वाचे असते. भ्रमणध्वनी घरात अनेकांच्या हाती असतो, याचे भान अशी प्रणाली घडविणाऱ्याला ठेवावे लागते.

२०१७ सालच्या सप्टेंबरमध्ये 'इंटरॅक्ट' ही या विषयावरील जागतिक परिषद प्रथमच भारतात, मुंबई येथे भरली. तिच्या अध्यक्षांत प्रा. जोशी यांचा समावेश होता.

संशोधन कसे चालते

प्रयोगशाळा म्हटले की नळ्या, भिंगे आणि यंत्रे डोळ्यांसमोर येतात. या शास्त्राची पहिली प्रयोगशाळा मात्र माणूस जेथे काम करतो ती जागा होय. संशोधक प्रथम सेवा केंद्रात, दवाखान्यात, शेताच्या बांधावर किंवा शाळेत जातो व निरीक्षण करतो. लोक सांगतात एक आणि करतात दुसरेच, हा त्याचा नेहमीचा अनुभव असतो. म्हणून प्रश्नावलीवरच विसंबून चालत नाही. त्यानंतर कामाचे टप्प्याटप्प्याने पृथक्करण केले जाते. मग कागदावर कच्चे नमुने काढले जातात आणि ते वापरणाऱ्यांपुढे ठेवून 'मनात येईल ते मोठ्याने बोलत हे काम करा' असे त्यांना सांगितले जाते. कोठे अडखळले, किती वेळ लागला, किती चुका झाल्या याची नोंद होते. नमुना सुधारला जातो व पुन्हा तपासला जातो. अशा अनेक फेऱ्यांनंतर, 'ही रचना त्या रचनेपेक्षा सुलभ आहे' हे विधान संख्यांच्या आधारे करता येते.

ग्रामसेवक, तलाठी, आशा कार्यकर्ती, शिक्षक या मंडळींना हे निरीक्षण रोजच घडते. त्यांच्याजवळ अनुभवाचा साठा असतो, परंतु तो शास्त्रीय पद्धतीने नोंदविण्याचे शिक्षण नसते. ते शिक्षण पीएच.डी.च्या अभ्यासातून मिळते. म्हणून आता प्रवेशाच्या अटींकडे वळू.

पीएच.डी. प्रवेशाच्या अटी

विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी किमान मानके व कार्यपद्धती ठरविणारी नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केली. विद्यापीठांतील प्रवेशाचा पाया या नियमावलीत आहे. तिच्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

पात्रता : तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, अथवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास पदव्युत्तर पदवीवाचूनही थेट प्रवेश मागता येतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्गीय (उन्नत गट वगळून), दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांस ५ टक्के गुणांची सवलत देता येते. एम.फिल. हा अभ्यासक्रम या नियमावलीने बंद झाला आहे.

निवड : नेट परीक्षेद्वारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरलेल्यांची निवड मुलाखतीने होते. विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतल्यास तीत ५० टक्के प्रश्न संशोधनपद्धतीवर व ५० टक्के विषयावर असतात. तीत ५० टक्के गुण मिळविणारे मुलाखतीस पात्र होतात आणि अंतिम निवडीत परीक्षेस ७० व मुलाखतीस ३० टक्के भार असतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नेटचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय आयोगाने घेतला. केवळ पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्यांचे असे गुण एक वर्षापुरते वैध असतात. कोणते विद्यापीठ कोणता मार्ग अवलंबिते, हे त्या त्या वर्षाच्या जाहिरातीवरून पाहावे.

कालावधी : किमान तीन व कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांची मुदत मिळू शकते. स्त्रिया व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती यांना याखेरीज दोन वर्षांची सवलत असून एकूण कालावधी दहा वर्षांहून अधिक होता कामा नये. स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते.

अभ्यास व प्रबंध : आरंभी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती व संशोधन-नीती यांचा समावेश असतो. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. प्रबंधाची वाङ्मयचौर्याच्या दृष्टीने तपासणी होते, किमान दोन बाह्य परीक्षक तो तपासतात आणि शेवटी मौखिक परीक्षा होते.

मार्गदर्शक : एका वेळी प्राध्यापकांकडे आठ, सहयोगी प्राध्यापकांकडे सहा व सहायक प्राध्यापकांकडे चार विद्यार्थी असू शकतात. गुण असूनही जागा नाही, असा प्रसंग यामुळेच येतो. म्हणून अर्जापूर्वी कोणत्या मार्गदर्शकांकडे जागा आहे आणि त्यांचे काम कशावर आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

नोकरी करणाऱ्यांसाठी

अर्धवेळ पीएच.डी.ची सोय नियमावलीत आहे. त्यासाठी आपल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येईल आणि आवश्यक तेव्हा अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल, अशी हमी त्यात असावी लागते. पीएच.डी.च्या प्रवेशास या नियमावलीत कमाल वयाची अट नाही. चाळिशीतील शिक्षकाने किंवा विस्तार अधिकाऱ्याने 'आता आपले वय झाले' असे समजण्याचे कारण नाही.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास या नियमावलीने मनाई केली आहे. घरबसल्या पदवी मिळवून देण्याचे आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींना बळी पडून पैसा व वर्षे गमावू नयेत.

खर्चाचा प्रश्न

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२,००० रुपये अशी करण्यात आली. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे असून विशिष्ट प्रवर्गांना व स्त्रियांना तीत सवलत आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांनी आपापल्या लक्ष्यगटांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्तीच्या योजना राबविल्या आहेत. त्यांच्या अटी, जागा व मुदती वेळोवेळी बदलतात. तेव्हा जाहिरातीकडे लक्ष ठेवणे हाच मार्ग होय.

कोणत्या दाराने जावे?

मानव-संगणक आंतरक्रिया या नावाचा स्वतंत्र विभाग बहुतेक विद्यापीठांत नसतो. म्हणून विषयाचे दार निवडावे लागते. संगणकशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य यांपैकी ज्यात आपली पदव्युत्तर पदवी असेल, त्या शाखेतून या स्वरूपाचा विषय घेता येतो. बीडच्या विद्यार्थ्याला जवळचे विद्यापीठ म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. तेथील संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभागात संगणकाने मराठी वाणी ओळखण्यासंबंधी संशोधन झालेले आहे.

दुसरे दार अभिकल्पाचे. 'सीड' ही अभिकल्पाची सामाईक प्रवेश परीक्षा मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था घेते. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कोणतीही पदवी असलेल्या, तसेच जी.डी. आर्ट पदविका व एक वर्षाचा व्यावसायिक अनुभव असलेल्या उमेदवारास ती देता येते. वयाची वा प्रयत्नांची मर्यादा नाही. चित्रकलेचा हात असलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला आधी अभिकल्पाची पदव्युत्तर पदवी व नंतर पीएच.डी., असा हा मार्ग मोकळा आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांचे पीएच.डी. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या नियमांनुसार होतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

आपल्या जिल्ह्यातील प्रश्न

संशोधनाला विषय हवा. तो शोधण्यासाठी बीड जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. बोटांचे ठसे झिजलेल्या ऊसतोड कामगारास शिधा मिळविताना सन्मानाने व विनाविलंब ओळख पटविता येईल, अशी कोणती रचना असावी? हंगामात सहा-सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या आईबापांना मुलाची शाळेतील हजेरी व प्रगती कळावी, यासाठी बोलणारा संदेश बरा की चित्रांचा? कोरडवाहू शेतकऱ्याला पीकविम्याचा अर्ज स्वतःच भरता यावा, तर त्यातील शब्द कोणते असावेत? 'हेक्टर' आणि 'गुंठे' यांच्या घोळात तो कोठे चुकतो? ग्रामपंचायतीचा जमाखर्च सरपंच झालेल्या अल्पशिक्षित भगिनीला पडद्यावर पाहून समजावा, तर तो कसा मांडावा? यांतील प्रत्येक प्रश्न प्रबंधाचा विषय होऊ शकतो, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत.

मराठवाड्याला या गोष्टीचे मोल अधिक कळावयास हवे. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी, निजामी राजवटीत, येथील दफ्तराची भाषा उर्दू होती. कचेरीतून आलेला कागद वाचून घेण्यासाठी जाणत्या माणसाच्या दारात उभे राहावे लागत असे. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली आणि कागद आपल्या भाषेत आला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये ठराविक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकांचा हक्क झाला. परंतु ती सेवा ज्या पडद्यावरून मिळावयाची, तो पडदाच जर सामान्य माणसाला वाचता येत नसेल, तर पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहणे त्याच्या नशिबी येते.

शिक्षकांनी आपल्या वर्गातील ज्या मुलाला यंत्रांची आवड आहे आणि ज्याला माणसांविषयीही कुतूहल आहे, त्याला या शास्त्राचे नाव सांगावे. ग्रामपंचायत सदस्यांनी सेवा केंद्रात लोक कोठे अडतात, याची एक साधी नोंदवही ठेवावी. उद्याच्या संशोधकाला तिचा उपयोग होईल. अधिकाऱ्यांनी नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ती गावातील पाच-दहा माणसांच्या हाती देऊन पाहावी. एवढे झाले, तरी दाखल्यासाठी आलेल्या त्या वृद्ध स्त्रीची दुसऱ्या दिवसाची फेरी वाचेल.